7 डबे आणि 61 किलो

पत्र थोडक्यात असं: वय 23, कोल्हापुरातल्या जुन्या पेठेत राहणारा, शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं लोखंड कातायचं मशीन) ऑपरेटर, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. जिम लावून 14 महिने झाले. वजन 58 वरनं 61 झालं आणि गेले 5 महिने काटा तिथंच अडकलाय. 19 हजार पगारातले 6 हजार दर महिन्याला पावडरींवर जातात, कपाटात 7 डबे आहेत. आजोबा जुने पैलवान, ते म्हणतात डबे पंचगंगेत सोड, दूध पी आणि जोर-बैठका मार. आईला शेजारणीनं सांगितलंय की पावडरनं किडनी जाते, त्यामुळं ती डबे लपवून ठेवते. आणि जिमचा ट्रेनर म्हणतोय की तुझी बॉडी नॅचरली वाढणारी नाहीच, 10 आठवड्यांचा एक 'कोर्स' मारून घेऊ. "दादा, मी सगळं करून बघितलं. आता आजोबांचं ऐकू की ट्रेनरचं?"

भावा,

पत्र दोनदा वाचलं आणि कपाटाचा फोटो तीनदा बघितला. वरच्या फळीवर इस्त्रीचे कपडे, खाली डबे ओळीनं लावलेत, लेबलं सगळी पुढं करून, दिवाळीत किल्ल्यावर मावळे लावतात तसे. कुठल्या डब्याचा फ्लेवर कोणता, कधी घेतला, केवढ्याला पडला हे सगळं तू लिहिलंयस. पण एवढ्या लांब पत्रात तू वजन किती उचलतोस हे एका ठिकाणीसुद्धा नाही. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) किती किलोचा, बेंच (आडवं पडून छातीवरनं रॉड ढकलणं) किती, जानेवारीत किती होतं आणि आत्ता किती आहे, काहीच नाही. म्हणून तुला उलट मेसेज करून विचारलं तर तू म्हणालास "असं लक्षात नाही दादा, त्या दिवशी जमेल तेवढं लावतो." आणि पायाचं? "पाय महिन्यातनं एकदा." बरं, छाती? "आठवड्यातनं 3-4 वेळा."

म्हणजे "सगळं करून बघितलं" मधलं सगळं हे खाण्याच्या बाजूचंच आहे, ते पण डब्यातल्या खाण्याच्या. त्यामुळं आजोबा की ट्रेनर हा तुझा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. दोघंही तुला खुराकच सांगतायत, एकाचा खुराक गोठ्यातला आणि दुसऱ्याचा कपाटातला, आणि तिसऱ्याच गोष्टीकडं, म्हणजे उचलायचं वजन हळूहळू वाढवण्याकडं, कुणाचं लक्ष नाही.

हसू नको, मी पण ह्यातनंच गेलोय. विशीत तालमीत जायचो तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून सकाळी 6 कच्ची अंडी फोडून ग्लासातनं गटागटा प्यायचो, डोळे मिटून आणि नाक दाबून. पुढं वाचनात आलं की कच्च्या अंड्यातलं जेमतेम निम्मं प्रोटीन अंगी लागतं आणि शिजवलेल्यातलं 90 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रोज 3 अंडी मी नुसती वाया घालवत होतो आणि वर जंतूंचा धोका फुकट. मग तालीम सुटली, जिम आली, आणि एका दुकानदारानं मला 5 किलोचा गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर, गळ्यात मारला. 2 महिन्यांत साडेचार किलो वाढलो. सगळं पोटावर. लग्नाच्या फोटोत दिसतंय अजून.

आता आजोबा. आजोबांचं म्हणणं असं उडवून लावायचं नाही, कारण त्यात निम्मं सोनं आहे, फक्त कुठलं निम्मं ते त्यांनाही नीट सांगता येत नसेल. ते तुला म्हणतात ना, खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीतनं ब्राँझ आणलं तेव्हा कुठं होती पावडर? खरंय, नव्हती. पण तेव्हाच्या पैलवानाचा दिवस कसा जायचा बघ. पहाटे 4 ला उठून मेहनत, मग खुराक, दुपारी ताणून झोप, संध्याकाळी परत माती. थंडाई म्हणजे तरी काय, बदाम घोटून दुधात घातलेलं त्या काळचं सप्लिमेंटच की. पण ती थंडाई पचवायला हजार बैठका होत्या आणि दुपारची झोप होती. तू आठवड्याची नाईट संपवून सकाळी घरी येतोस, 10 ला झोपतोस, 2 ला उठून जिमला जातोस. 4 तास झोप! आजोबांचं दूध घेतलंस आणि झोप सोडलीस तर दूध तरी काय करणार. स्नायू जिममध्ये वाढत नाही, तिथं त्याला नुसता ताण मिळतो, वाढतो तो नंतर, खाऊन आणि झोपून. नाईटच्या आठवड्यात जिम 2 दिवसांवर आण पण झोप 7 तासांच्या खाली जाऊ देऊ नको, खिडकीला जाड चादर लाव, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव, आईला सांग की दुपारी 4 पर्यंत कुणी हाक मारायची नाही.

आजोबांचं उरलेलं निम्मं मात्र तपासून घ्यायला लागतं. जोर-बैठका उत्तम, दम वाढतो, खांदा आणि कंबर मोकळी होते, मी अजून सकाळी 40 जोर मारतो. पण 200 बैठका सहज मारणाऱ्याला 250 मारून ताकद फारशी वाढत नाही, दम वाढतो. ताकदीला ओझं वाढवावं लागतं. आणि हे काय परदेशातनं आलेलं नाही, तालमीत जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारायचेच की, करेल (जड लाकडी मुदगल) फिरवायचे, गदा फिरवायचे. आजोबांनाच विचार, हलकी करेल झाली की वस्ताद काय करायचे. जड करेल हातात द्यायचे.

आता ताट. तू 2 दिवसांचं खाणं लिहून पाठवलंस ते मी जमेल तसं मोजलं. सकाळी चहा-खारी, 3 ग्रॅम प्रोटीन धर. डब्यात 3 चपात्या आणि बटाट्याची नाहीतर फ्लॉवरची भाजी, 12 ग्रॅम. संध्याकाळी वडापाव, 6. रात्री भाकरी, आमटी, भात, 18. आणि व्हेचा (दुधातल्या प्रोटीनची पावडर) एक स्कूप, 24. बेरीज 63 ग्रॅम. साधं बसून काम करणाऱ्याला दर किलो वजनामागं पाऊण-एक ग्रॅम पुरतं, आपल्याकडच्या आयसीएमआरचा (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) आकडा 0.83 आहे, पण वजनं उचलणाऱ्याला 1.6 च्या आसपास लागतं. तुला 61 ला साधारण 98 ग्रॅम. म्हणजे 7 डबे घरात असून तुला प्रोटीन कमी पडतंय! आणि मला जास्त वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं, तुझं एकूण जेवणच कमी आहे. तू स्वतःला हार्डगेनर, म्हणजे काही केलं तरी वजन न वाढणारा, म्हणवून घेतोयस, मला तर तू सरळ अर्धपोटी दिसतोयस. दिवसभर मशीनसमोर उभं राहून, वर जिम करून, चहा-खारीवर दुपारपर्यंत राहणाऱ्याचं वजन कसं वाढेल.

उपाय फार साधा आहे. 3 उकडलेली अंडी म्हणजे 18 ग्रॅम, अर्धा लिटर म्हशीचं दूध म्हणजे अजून 18 आणि वर 500 च्या आसपास कॅलरी. 63 अधिक 36, झाले 99. गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं दूध प्यायचा नाद मलाही आहे, पण रोजचं घरी उकळूनच पी. भाजीच्या डब्यात आठवड्यातनं 2-3 दिवस मटकी, हरभरा, छोले असं काहीतरी आईकडनं करून घे. खिशात भाजलेले शेंगदाणे ठेव, 50 ग्रॅममध्ये 12-13 ग्रॅम प्रोटीन आहे, चहाच्या सुट्टीत वडापावच्या जागी ते आणि 2 केळी. वाचणाऱ्यांपैकी जे माळकरी किंवा अंडं न खाणारे आहेत त्यांच्यासाठी सांगतो, सुक्या सोयाबीन वडीत 100 ग्रॅमला 50 च्या वर प्रोटीन असतं, रोज 50 ग्रॅम भिजवून पिळून फोडणीला टाकली की 26 ग्रॅम सुटलं. चव काय फार भारी नाही, पण कांदा-लसूण मसाला पडला की आपल्याकडं काहीही खपतं. आणि मिसळ हे प्रोटीन नाही रे बाबांनो, मोड आलेली मटकी तळाशी एवढीशी असते, वर सगळा कट आणि फरसाण. रविवारी खा, मी पण खातो, फक्त "डायट मिसळ" म्हणू नका.

डब्यांचं आता. व्हे ठेव. व्हे म्हणजे कुठलं औषध नाही, चीज करताना दूध फाटल्यावर जे पाणी उरतं, आपली आई पनीर करताना जे ओतून देते तसलंच, ते गाळून सुकवलेलं. दूधच ते. आजोबांना असं सांगून बघ, त्यांचा राग निम्मा उतरेल. पोट फुगत असेल तर आयसोलेट (दुधातली साखर जवळजवळ काढलेलं व्हे) घे नाहीतर अर्धा स्कूप दोनदा घे. गेनर संपला की परत आणू नको, मागची बाजू वाचून बघ, बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे महागडी साखरेची चुलत बहीण. त्याच्या जागी दूध, केळं, शेंगदाण्याचा कूट आणि थोडा गूळ मिक्सरला लाव. बीसीएए आणि ग्लुटामिन हे प्रोटीनचेच सुटे तुकडे, पुरेसं प्रोटीन पोटात जात असेल तर ह्या दोन्हींचा काही उपयोग नाही. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) बूस्टर म्हणून जे घेतलंयस त्यात लेबलवर ट्रिब्युलस लिहिलंय, म्हणजे आपलं गोखरू, निरोगी तरुणात त्यानं टेस्टोस्टेरॉन वाढत नाही. व्यायामाआधी घ्यायचं प्री-वर्कआउट म्हणजे मुख्यतः कॅफिन, कधी कधी एका स्कूपात 200-300 मिलिग्रॅम, आणि तू ते संध्याकाळी 7 ला घेऊन झोप येत नाही म्हणतोस! मल्टिव्हिटॅमिन राहू दे, संपव आणि विसर.

एक गोष्ट तुझ्या कपाटात नाहीच आणि ती खरं तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात तपासलेली आहे. क्रिएटिन मोनोहायड्रेट. शेव्हरल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते 1832 साली मांसात सापडलं, आणि खाल्लेलं क्रिएटिन स्नायूत साठतं हे 1992 साली सिद्ध झालं. एक किलो मटणात साधारण 4-5 ग्रॅम असतं. रोज किलोभर मटण खाणं कोल्हापुरातसुद्धा जमत नाही, तिथं ही पावडर कामाची. रोज 3 ते 5 ग्रॅम, कधीही, कशातनंही, साध्या पाण्यातनं चालतं. ते लोडिंग-बिडिंग (सुरुवातीला काही दिवस जास्त डोस) केलं नाहीस तरी महिनाभरात स्नायू भरतो. पहिल्या काही आठवड्यांत किलो-दीड किलो वजन वाढेल ते पाण्याचं, स्नायूच्या आतलं, त्यामुळं लगेच स्टेटस टाकू नको.

किडनीचं आईला समोर बसवून नीट सांग. किडनी चांगली असणाऱ्याला एवढ्या प्रोटीननं किंवा क्रिएटिननं ती खराब झाल्याचं दिसलेलं नाही. ज्याला आधीच किडनीचा त्रास आहे, बीपी-शुगर आहे, त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये. तू एकदा रक्त तपासून घे, आईच्या समाधानासाठी तरी, पण क्रिएटिन घेत असशील तर डॉक्टरला आधी सांग, कारण रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी तपासताना बघतात तो आकडा) थोडं वर दिसू शकतं आणि मग घरात रडारड. खरी भीती नकली मालाची आहे. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा खातं) 14 आकडी लायसन्स नंबर बघ, बाहेरचा माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असलेलं स्टिकर बघ, झाकणाखालचं सील बघ, आणि पक्कं बिल घे. "बिलाशिवाय 500 कमी" म्हणणाऱ्याकडनं घेऊच नको. ट्रेनरकडनं तू 7 पैकी 5 डबे घेतलेस आणि एकाचंही बिल नाही. त्याचं कमिशन किती हा हिशोब तू कर, मी करत नाही.

आणि आता कोर्स. इथं मी गोड बोलणार नाही.

तो ज्याला कोर्स म्हणतोय ते ॲनाबॉलिक स्टेरॉईड आहे. बाहेरनं टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदू शरीराला सांगतो, आता तू बनवू नको, बाहेरनं येतंय. वृषणं काम थांबवतात, बारीक होतात, वीर्यातले शुक्राणू कमी होतात, कधी कधी शून्यावर येतात. कोर्स थांबल्यावर गाडी परत रुळावर यायला महिने लागतात, काहींना वर्षाच्या वर. चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, बीपी चढतं, गोळ्या असतील तर लिव्हरवर ताण. माझ्याच गल्लीतला एक पोरगा, 24 वर्षांचा, उन्हाळ्यात मे महिन्यात बनियनवर जाड शर्ट घालून फिरायचा, का तर छातीला स्तनासारखी गाठ आलेली, शेवटी ऑपरेशन करून काढली. बॉडी दाखवायला म्हणून सुया घेतल्या आणि रंकाळ्यावर पोहायला जायचं बंद झालं. आणि हल्ली जिममध्ये अजून एक इंजेक्शन फिरतंय, मेफेन्टरमाइन, ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर पडलेलं बीपी वर आणायला डॉक्टर वापरतात ते, पोरं ते दम वाढवायला टोचून घेतात. धडधडत्या हृदयाला चाबूक मारल्यासारखं आहे ते. ही सगळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेली औषधं आहेत, बाकी त्यातनं समज.

"नॅचरली वाढणारी नाही" हे त्यानं कशावरनं ठरवलं? उचललेल्या वजनांची वही नाही, खाणं मोजलेलं नाही, पाय महिन्यातनं एकदा, झोप 4 तास. ज्या प्रयोगाला सुरुवातच झाली नाही तो फेल कसा गेला सांग. आणि कुणी वाचणारा असं काही घेऊन बसला असेल तर लाजू नको, अचानक मनानं बंदही करू नको, हार्मोनच्या डॉक्टरकडं जा आणि काय घेतलं, किती, कधीपासून हे खरं सांग. ते पोलिसात द्यायला बसलेले नाहीत.

मग करायचं काय. आठवड्यातनं 3 दिवस, एक दिवसाआड, दर वेळी पूर्ण अंग. स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग (वाकून रॉड पोटाकडं ओढणं) हे एका दिवशी, पुढच्या वेळी स्क्वॉट, उभं राहून खांद्याचा प्रेस, डेडलिफ्ट (जमिनीवरनं रॉड उचलून उभं राहणं), असं आलटून पालटून. प्रत्येकाचे 3 सेट, 5 ते 8 रेप, डेडलिफ्टला एकच जड सेट पुरे. शेवटी वाटलं तर डोले-शोले मार 10 मिनिटं, त्याशिवाय तुला चैन पडणार नाही माहितीय. पहिला आठवडा नुसता 20 किलोचा रॉड. हो, नुसता, आणि कुणी हसलं तर हसू दे. बाजूनं व्हिडिओ काढ, कंबर वाकते का बघ.

मग वाढवायचं कसं, हे तुला मी शिकवायची गरजच नाही, तू रोज करतोस. जॉब लावल्यावर एका पासमध्ये 5 मिमी डेप्थ घेतोस का? टूल तुटेल, जॉब चॅटर मारेल, म्हणजे थरथरेल. थोडं थोडं घेतोस, माप घेतोस, ऑफसेट टाकतोस. तेच इथं. सगळे सेट नीट जमले की पुढच्या वेळी अडीच किलो जास्त, नाही जमले तर तेच वजन परत, 3 वेळा अडकलास तर 10 टक्के कमी करून परत चढ. नवख्याचं सुरुवातीला भराभर चढतं, त्यातलं बरंचसं नसा आणि मेंदू शिकल्यामुळं, आरशात लगेच काही दिसणार नाही, घाबरू नको. सगळं नीट झालं तर स्नायू महिन्याला अर्धा ते एक किलो, त्याहून वेगानं वाढलं तर पोटाचा घेर मोज. वजन रोज बघू नको, रविवारी सकाळी, पोट रिकामं असताना, एकदा.

तू म्हणालास जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून एका वेळी 5 किलो वाढतात, ते खांद्याच्या प्रेसला फार होतं. मला वाटतं तुझा बेंच पण इथंच अडकलाय. मग सव्वा किलोच्या 2 चकत्या कर ना भावा, सीएनसीवर बसतोस आणि चकतीसाठी अडतोस? साहेबाला विचारून स्क्रॅपमधला 140 मिमी व्यासाचा माइल्ड स्टीलचा तुकडा घे, 12 मिमी जाडी ठेव, मधे 51 मिमीचं भोक, बरोब्बर सव्वा किलोच्या आसपास येतं, मी हिशोब करून बघितलाय. शिरोलीत नाही जमलं तर उद्यमनगरात कुणीही टर्नर चहाच्या बोलीवर करून देईल. फक्त रॉडची जाडी आधी व्हर्नियरनं मोज, काही जिममध्ये 28 चे बारीक रॉड असतात, आणि दोन्ही कडांना चॅम्फर मारायला (धार तासून उतरती करायला) विसरू नको, घामाच्या हातानं उचलताना बोटं कापतात.